एमिलचं न मिळालेलं हरीण

एमिल ह्रिंको मला पहिल्यांदा दिसला तो शाळेच्या कुलूप लावलेल्या दरवाजासमोर. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार होता. मी गावात नवीन होते, हातात तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा होता आणि सगळी शाळा अंधारात होती. एक ट्रक कडेला येऊन थांबला. भडक नारिंगी टोपी आणि तसंच जाकीट घातलेल्या उंच माणसानं काच खाली केली.

"टीचर ना तुम्ही? घरी जा. आज कुणी येत नाही. हरणांचा पहिला दिवस आहे."

मला वाटलं, नवीन बाई म्हणून थट्टा चाललीय. मुख्याध्यापकांनाच विचारते, असं मी जरा ठसक्यात म्हटलं.

"विचारा की. मागच्याच गाडीत आहेत."

खरोखरच मागच्या गाडीत मुख्याध्यापक होते, तशीच नारिंगी टोपी घालून. त्यांना माझ्याकडे धड बघवेना.

मार्लो क्रीकमध्ये त्या सोमवारी शिकारीचा मोसम सुरू होतो, सगळे रानात उठून दिसणारं नारिंगी घालून निघतात आणि गाव रिकामं होतं. न्हाव्याचं दुकान बंद, शाळा बंद, काचेचा कारखानाही बंद. भट्ट्या विझू देता येत नाहीत म्हणून शिकार सोडलेले चार-दोन म्हातारे तेवढे तिथे बसायचे. बाकीच्यांना त्या दिवशी कामावर बोलवायचं नाही, हे कामगार संघटनेच्या करारातच लिहिलेलं होतं. ही सुट्टी आहे असंही कुणाला वाटत नसे. तो दिवस कामाच्या दिवसांत धरलेलाच नसायचा.

एमिल त्याच कारखान्यात होता. ताज्या बाटल्या एका लांब भट्टीतून हळूहळू थंड होत बाहेर येतात. घाई झाली तर तडकतात. त्या भट्टीवर त्याची नेमणूक होती, पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. नोकरीत जुना झाल्यावर त्याला सकाळची पाळी मागता आली असती, पण त्यानं ती कधी मागितली नाही. आमच्याकडे माणसाची पाळी त्याच्या नावाला चिकटते. "एमिल कुठे भेटेल?" असं कुणी विचारलं तर उत्तर यायचं, "तो तीनचा माणूस आहे, सकाळी घरीच असेल."

त्याचं घर उताराला, माझ्या घरापासून दोन दारं सोडून. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. पुढे लग्न करून ती दूर टेक्ससला गेली. पण माझी खरी ओळख झाली ती त्याच्या बायकोशी, डोलोरेसशी. बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि तोंडाला कुलूप नसलेली बाई. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी बायका बटाट्याचं सारण भरून पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्यांसारखं काही, करत बसायच्या, आणि त्या टेबलावर डोलोरेस ज्या बाजूला असेल त्या बाजूचं काम मागे पडायचं, कारण सगळ्या हसत असायच्या. एमिल हा तिचा आवडता विषय. नवरा इतका सावकाश बोलतो की लग्नाची मागणी त्यानं वसंतात सुरू केली आणि मला होकार द्यायला पानगळ उजाडली, असं ती सांगायची. एमिल तिथे असला तर मान हलवून दुजोरा द्यायचा.

मग तिची मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी डोंगरापलीकडच्या जिल्ह्याच्या गावी डायलिसिस. रात्री अकराला पाळी संपवून आलेला एमिल पहाटे उठून तिला घेऊन जायचा, दवाखान्याबाहेर ट्रकमध्ये बसून राहायचा आणि एकच्या सुमाराला तिला घरी आणायचा. येताना तिला हमखास उलटी व्हायची. त्यासाठी सीटखाली एक पत्र्याचं भांडं असे. चर्चच्या बायकांनी आळीपाळीनं नेण्याची तयारी दाखवली, दवाखान्याची व्हॅनही होती. डोलोरेसनं दोन्ही नाकारलं. लोकांना हसवणाऱ्या बाईला लोकांसमोर ओकायचं नव्हतं. तिला घरी निजवून, सूप गरम करून, एमिल तीनला भट्टीवर हजर. दोन वर्षं हे चाललं आणि त्याची एक पाळी चुकली नाही.

डोलोरेसनं मात्र सुरुवातीलाच त्याला बजावलं होतं. माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात. "ज्या दिवशी माझ्यापायी तुझं नुकसान व्हायला लागेल ना, त्या दिवशी मी तिथे जायचं थांबवीन. मशीन माझ्या अंगाला लावतात. नको म्हणायचा हक्क माझा आहे." तेव्हा ती हसत नव्हती. डायलिसिस थांबवलं की माणूस किती दिवस राहतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

ती दोन वर्षं झाल्यावरच्या वसंतात कारखाना बंद झाला. भट्ट्या पहिल्यांदाच विझल्या. एमिल तेव्हा साठीला टेकलेला. बेकारी भत्त्यासाठी अर्ज करायला तो तयारच नव्हता. डोलोरेसनं त्याच्यापुढे फोन ठेवला आणि तो लावेपर्यंत जेवायला वाढलं नाही. इतकी वर्षं त्या भत्त्याच्या नावानं कारखान्यानं पैसे भरलेत, तो तुझाच आहे, असं तिचं म्हणणं. पुढे दर दुसऱ्या रविवारी फोन लावायचा. भत्ता कामाला मोकळ्या माणसालाच, म्हणून पलीकडून यंत्र विचारणार, या आठवड्यात रोज कामाला जाण्यासाठी तुम्ही मोकळे होता का? 'हो'ला एक, 'नाही'ला दोन. एमिल एक दाबायचा आणि शेवटी यंत्राला "थँक यू" म्हणायचा. ते ऐकायला डोलोरेस मुद्दाम शेजारी बसायची.

त्या वर्षीही हरणांचा पहिला सोमवार आला आणि एमिल रानात गेला. हरीण मिळालं नाही. रविवारी फोनवर त्या आठवड्याचा प्रश्न आला तेव्हा त्यानं दोन दाबलं.

"अरे म्हाताऱ्या, कारखाना चालू असता तरी त्या दिवशी बंदच असता की," डोलोरेस म्हणाली.

"यंत्रानं ते कुठे विचारलंय? मोकळा होतास का विचारलं. नव्हतो."

त्या एका बटणामुळे भत्त्याच्या कार्यालयातून फोन आला. शहरातली तरुण मुलगी होती, बोलायला नीट. तिनं सोमवारचं विचारलं, त्यानं सांगितलं. ती हसली असावी, कारण त्यालाही जरा मोकळं वाटलं. मग तिनं सहज पुढचा प्रश्न विचारला. आणखी कधी असं झालं का, की सकाळी आठला कुणी कामावर बोलावलं असतं तर तुम्हाला जाता आलं नसतं? एमिलनं विचार केला आणि खरं ते सांगितलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. बायकोचं डायलिसिस असतं.

दुपारी तीनला जाता आलं असतं का, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. आमच्या गावात ते कुणाला सांगावंच लागत नव्हतं. काम म्हणजे तीनचं. सकाळ ही त्याच्या लेखी कामाची वेळच नव्हती. पण फोनवरच्या मुलीला हे कुठून कळणार? तिच्या कागदावर एवढंच उतरलं, की अर्जदार आठवड्यातले तीन दिवस कामाला मोकळा नव्हता आणि तरी दर वेळी 'हो' म्हणत आला.

जानेवारीत पत्र आलं. कारखाना बंद झाल्यापासून घेतलेला सगळा भत्ता परत करा. एक बऱ्यापैकी ट्रक आला असता एवढी ती रक्कम होती. खाली एक रकाना होता, त्यात लिहिलं होतं: दोष अर्जदाराचा.

डोलोरेसनं खिडकीतून लिफाफा पाहिला होता. काय आहे म्हणून तिनं विचारलं. एमिलनं पत्र घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, "हरणाचं. शिकारीला गेलो ना, त्याचा दंड केलाय."

हे मला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, कोट न काढता उभ्यानं. अपील लिहून द्याल का, असं विचारायला आला होता.

"तुम्ही आमच्या चर्चच्या नाही म्हणून तुमच्याकडे आलो, टीचर. तिथे एकीला कळलं की पिरोगीच्या टेबलावर कळतं."

मी अपील लिहिलं, मुदतीत पाठवलं. सुनावणीची तारीख मार्चची मिळाली.

तोवर डोलोरेसनं हरणाची गोष्ट गावभर केली होती. आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं आणि सारा गाव तिथे येतो. रांगेत उभी राहून ती सांगायची, की अख्ख्या जिल्ह्यातलं सगळ्यात महाग हरीण माझ्या नवऱ्याचं, आणि ते अजून रानात चरतंय. लोक एमिलच्या पाठीवर थाप मारायचे. मासे वाढणारा म्हणायचा, "एमिल, तुकडा मोठा देऊ का? हरीण तर काही तुझ्या नशिबात नाही." एमिल ताट पुढे करायचा. ती हसून हसून टेबलाला हात टेकायची, आणि त्या आजारात तिला तशी हसताना पाहून मलाही काही बोलवत नसे.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी होती, बँकेच्या वरच्या मजल्यावर. टेबल, ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि एक पन्नाशीचा अधिकारी. माणूस थकलेला होता, पण त्यानं ऐकून घेतलं. पाळीचं एमिलनं सगळं सांगितलं. दोन वर्षं सकाळी दवाखाना आणि तीनला कारखाना कसा केला, तेही.

"दवाखान्यातून तुम्ही किती वाजता मोकळे व्हायचा?"

"बारा. घरी एक."

"मिस्टर ह्रिंको, मला तुमचं पटतंय. पण फोनवर तुम्ही वेगळं बोललात, तेही तुमचंच बोलणं आहे. दुपारी तुम्ही रिकामे असायचा याचा मला एक कागद लागेल. दवाखान्याकडून वेळांची चिठ्ठी आणा. आठवडाभर मी निकाल थांबवतो."

मला हायसं वाटलं. एमिलनं विचारलं, "चिठ्ठीला कुणाची सही लागते?"

"दवाखान्याची. आणि रुग्णाची, माहिती द्यायला हरकत नाही म्हणून."

एमिलनं पुढ्यातलं पत्र घडी करून खिशात घातलं. मग म्हणाला, "मग नको. आहे त्यावर द्या निकाल."

अधिकाऱ्यानं त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर.

परत येताना ट्रकमध्ये मी त्याच्याशी भांडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"एक सही, एमिल. कशाची ते नीट सांगायचंही कारण नाही. दहा कागदांवर सह्या करते ती तिथे."

"डोलोरेस न वाचता सही करते? तुम्ही तिला ओळखत नाही का?"

"मग वाचू दे. सांगा तिला. तिच्याच सहीनं सगळं मिटतंय."

"मिटेल हो. पण 'माझ्या डायलिसिसपायी याच्यावर हे आलं', हे एकदा तिच्या डोक्यात गेलं की मग? गुरुवारी मी गाडी काढीन आणि ती खुर्चीतून उठणार नाही." त्यानं वळणावर ट्रक हळू केला. "पैसे देता येतात, टीचर. वेळ लागतो, पण देता येतात."

 

निकाल आला. अधिकाऱ्यानं दोषाचा शेरा काढून टाकला होता. अर्जदारानं फसवायच्या हेतूनं काही केलं नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. पण कागदाअभावी तो भत्त्याला पात्र ठरत नाही, रक्कम परत करावी. एमिलनं घरी जाऊन सांगितलं, की दोष नाही म्हणाले, पण दंड कायम. डोलोरेस म्हणाली, बघ, हरणानं तुला माफ केलं, सरकारनं नाही.

मे महिन्यात एका शुक्रवारी ती चर्चच्या तळघरात पिरोगीच्या कडा मिटता मिटता जरा बसते म्हणाली आणि बसल्या जागीच गेली. हृदय थांबलं. तिच्या बोटांना पीठ होतं. त्या आठवड्यात मंगळवारी आणि गुरुवारी एमिल तिला डोंगरापलीकडे घेऊन गेला होता.

दफनानंतर त्याच तळघरात जेवण होतं. तिच्यासारखं बोलणारं आता कुणी नव्हतं, म्हणून सगळेच तिचं बोलणं सांगत होते. तिची मैत्रीण व्हर्ना उभी राहिली आणि तिनं हरणाची गोष्ट सांगितली, अगदी डोलोरेसच्या आवाजात, मासे वाढणाऱ्याच्या टोमण्यासकट. टेक्ससहून आलेली मुलगी रडत होती, तीही हसायला लागली. एमिल समोरच बसला होता. तोही हसला. मग त्यानं रुमाल काढला आणि बराच वेळ चेहऱ्यावरून खाली घेतलाच नाही.

दवाखान्यानं वेळांची चिठ्ठी जूनमध्ये दिली. ती गेल्यावर आता नवरा म्हणून त्याचीच सही चालत होती. पण निकालावर पुढचं अपील करायची मुदत एप्रिलातच संपली होती. आम्ही तरी पाठवलं; उशीर झाला म्हणून ते परत आलं. एकच वाट राहिली होती. ज्याचा दोष नाही आणि ज्याला परतफेड झेपणार नाही, त्याला वसुली माफ होऊ शकते. त्याचा अर्ज आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर भरला. कारणाच्या जागेत मी सगळं खरं लिहिलं आणि चिठ्ठी जोडली. खर्चाची पानं एमिलनं स्वतःच्या हातानं भरली.

घरात माणसं किती, या प्रश्नापाशी त्याचं पेन थांबलं. त्यानं एक लिहिलं. औषधं: काही नाही. पेट्रोल: थोडं. विशेष आहार: काही नाही. दफनाच्या खर्चाचे हप्ते मी त्याला आठवणीनं लिहायला लावले. मागच्या वर्षीचे खर्च लिहूया, असंही मी सुचवून पाहिलं. वर्ष तर तिच्याबरोबरच काढलं होतं त्यानं.

"आत्ताचे विचारलेत," तो म्हणाला.

उत्तर पानगळीत आलं. चिठ्ठीबद्दल त्यात एवढंच होतं, की पात्रतेचा प्रश्न आता संपला आहे. बाकी हिशेब होता. तिची औषधं, तिचं पथ्य आणि डोंगरापलीकडच्या फेऱ्या गेल्यावर एमिलच्या निवृत्तिवेतनातून महिन्याला थोडे पैसे मागे उरत होते. ज्याच्याकडे उरतात त्याला माफी देता येत नाही. अर्ज नामंजूर.

त्यानं ते पत्र वाचून माझ्याकडे परत दिलं. "बरोबर आहे," म्हणाला, "उरतात."

त्या हिवाळ्यात मी त्याला विचारलं, निदान व्हर्नाला तरी खरं सांगू का? अजूनही लोक त्याला त्या हरणावरून चिडवत होते. तो नको म्हणाला. "तिची गोष्ट आहे ती. चांगली सांगायची. राहू दे तशीच." हे मी मराठीत लिहिते आहे आणि गावातलं कुणी ते वाचणार नाही, एवढं त्याला सांगितल्यावरच त्यानं मला लिहायची परवानगी दिली.

रक्कम हप्त्याहप्त्यानं फिटली. निवृत्तिवेतनातून उरत होतं ते पुरेना, म्हणून तो पुन्हा कामाला लागला. कारखान्याची इमारत पाडली, त्या जागी गवत आहे. एमिल आता पंचाहत्तर वर्षांचा आहे. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात भाज्यांच्या विभागात काम करतो, सकाळी सहा ते दोन. सुट्टी बुधवारी आणि रविवारी असते; मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या सकाळी आणि हरणांच्या पहिल्या सोमवारीही तो कामावर असतो.